रमाबाई नगर, घरच्या पडद्यावर



मागे एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर चार-पाच जणींनी गाठले. म्हणाल्या, "ताई, तुम्ही नेहमी पुस्तके वाचा म्हणून लिहिता. दिवसभर कामावरून आल्यावर डोळे मिटायला लागतात, पुस्तक कुठले हातात धरणार? घरात टी.व्ही. आहे, पोरांच्या हातात मोबाईल आहे. त्यावर बघण्यासारखे काही असेल तर ते सांगा." तक्रार रास्त आहे. म्हणून यावेळी पुस्तक नाही, माहितीपट.

माहितीपट म्हटले की आपल्या पिढीला थिएटर आठवते. मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आधी सरकारी फिल्म लागायची. धरण, पीक, कुठल्याशा मंत्र्यांचे उद्घाटन. तेवढ्या वेळात माणसे शेंगा आणायला बाहेर जात. माहितीपट म्हणजे कंटाळा, हे डोक्यात तेव्हापासून बसले आहे. पण ज्या माहितीपटांबद्दल मी सांगणार आहे, त्यांच्यात धरणे नाहीत, आपली माणसे आहेत.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा, आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. 2011 साली पूर्ण झाला. तो करायला त्यांना चौदा वर्षे लागली. लांबी तीन तासांहून अधिक आहे, तेव्हा एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. आम्ही दोन संध्याकाळी मिळून पाहिला. भाषा बहुतेक मराठी आणि हिंदी, म्हणजे घरात इंग्रजी न येणारे कोणी असले तरी अडत नाही.

चित्रपट सुरू होतो तो 11 जुलै 1997 पासून. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. माणसे जमली, संतापली, महामार्ग अडवला. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. पोलिसांचे म्हणणे असे की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते मान्य केले नाही, गोळीबार अनाठायी ठरवला. आपण हे सगळे ऐकून आहोत. पण टँकर कुठे उभे होते आणि माणसे कुठे पडली, हे डोळ्यांनी पाहणे निराळे. 2009 साली गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. बारा वर्षे त्या घरांतून कशी गेली असतील, ते कॅमेऱ्यासमोर बसलेल्या बायकांच्या तोंडून ऐका.

आमच्या घरी पहिल्या संध्याकाळी एक अडचण उभी राहिली. माझी चुलत सासू, आम्ही त्यांना काकी म्हणतो, त्या काळी घाटकोपरलाच राहत होत्या. चित्रपटाचे नाव ऐकताच त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. "मेलेली माणसं परत कशापायी बघायची? मी तवा बघितलं तेवढं पुरं झालं," म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. नातू मात्र आठवीतला. त्याला रमाबाई नगर म्हणजे बसमधून जाताना दिसणारी पाटी, एवढेच माहीत. गोळीबाराचे दृश्य आले तसा तो विचारू लागला, "हे खरं आहे का? पोलीस असं कसं करतील? ह्या बाईचं पुढं काय झालं?" मी जमेल तशी उत्तरे देत होते, पण मी त्या दिवशी तिथे नव्हते. अखेर काकीच हातातले पीठ न धुता दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच सांगू लागल्या. त्या सकाळी पाणी भरायला कोण कोण गेले होते, कुणाची पोरगी दोन दिवस बोलली नाही, पुतळ्याजवळ मग किती दिवस माणसे बसून होती. चित्रपट थांबवून ठेवला होता. चाळीस मिनिटे पडद्यावर एकच चित्र होते आणि कोणीही 'सुरू करा' म्हणाले नाही. अठ्ठावीस वर्षांत काकींनी हे घरात एकदाही सांगितले नव्हते.

म्हणून माझे सांगणे आहे, हा चित्रपट मुलांना एकट्याने मोबाईलवर बघू देऊ नका. घरात त्या दिवसांची आठवण असलेले कोणी असेल तर त्यांना जवळ बसवा. ते नको म्हणाले तर जबरदस्ती करू नका, पण दार उघडे ठेवा. दृश्ये कठीण आहेत, बारा वर्षांखालच्या मुलांना मी तरी दाखवणार नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावी लागते. गोळीबारानंतर चार दिवसांनी, 15 जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात आयुष्य संपवले. हातात एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांतून गाणारा हा माणूस. पटवर्धनांच्या 1985 सालच्या 'हमारा शहर'मध्येही त्यांचे गाणे आहे. ते डाव्या चळवळीत गेले, तिथे दुरावले, आणि शेवटच्या वेळी डोक्याला निळे कापड बांधून गेले. चित्रपट याच मरणाचा माग काढीत चौदा वर्षे हिंडतो. नातवाने विचारले, "त्यांनी तसं का केलं?" मी म्हटले, "बाळा, पुरते मलाही कळलेले नाही. पण ते मोठे शाहीर होते, आणि ते राहिले असते तर आपल्याला हवे होते." चित्रपटात त्यांचे मरण आहे त्यापेक्षा त्यांचे गाणे जास्त आहे, हे चांगले आहे.

गाणी हा तर या चित्रपटाचा जीव. शाहीर, कव्वालीवाले, वस्तीतल्या साध्या बायका, नंतर पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण पोरे. शीतल साठेचा आवाज ऐकून काकी म्हणाल्या, "ही आपल्यातलीच दिसते." दुसऱ्या संध्याकाळी त्या पहिल्यापासून बसल्या होत्या.

दोष नाहीत असे नाही. मधला भाग रेंगाळतो. पुढाऱ्यांच्या सभा जरा कमी चालल्या असत्या. आपल्या चळवळीतल्या काही मंडळींनी असाही आक्षेप घेतला की आपली गोष्ट आपल्याबाहेरच्या माणसाने सांगितली आहे आणि तीत 'कॉम्रेड'चा सूर वरचा लागतो. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. मुलांसमोर तोही बोलून दाखवावा. पण चौदा वर्षे कॅमेरा घेऊन दुसरे कोणी त्या वस्तीत आले नाही, हेही त्याच दमात सांगावे.

आता आपल्यातलेच तरुण कॅमेरा धरू लागले आहेत. सोमनाथ वाघमारे यांचा भीमा-कोरेगाववरचा माहितीपट 2017 चा, म्हणजे 1 जानेवारी 2018 च्या हिंसाचाराच्या आधीचा. विजयस्तंभाला जाणारी माणसे त्याआधी कशी जात होती, काय बोलत होती, ते त्यात आहे. यंदा डिसेंबरच्या शेवटी पाहा. त्यांनीच पुढे 6 डिसेंबरच्या गर्दीवर 'चैत्यभूमी' केला. तसा आपला पहिला कॅमेरा याहून फार जुना. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चलत्चित्रण नामदेवराव व्हटकरांनी स्वतःच्या खर्चाने केले. ते केले नसते तर दादरच्या रस्त्यांवरचा तो जनसागर आपण आज हलता-चालता पाहू शकलो नसतो.

ज्यांच्या घरात महापालिकेची नोकरी आहे, त्यांनी दोन माहितीपट जरूर पाहावेत. एक अतुल पेठे यांचा 'कचराकोंडी', पुण्याच्या सफाई कामगारांवरचा. दुसरा तमिळ, दिव्या भारती या तरुणीने 2017 साली केलेला 'कक्कूस'. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ संडास. मदुराईत दोन कामगारांचा जीव गेल्यानंतर तिने हे काम हाती घेतले. त्यापायी तिच्यावर खटले झाले, धमक्या आल्या. खाली इंग्रजी अक्षरे येतात, तेव्हा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वाचून सांगावे. जेवताना लावू नका, हे मी अनुभवाने सांगते.

'कक्कूस' पाहिल्यावर एक माहिती घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी. हाताने मैला उपसायला लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ठेकेदाराचा माणूस मयताच्या घरी पाकीट घेऊन येतो आणि कागदावर अंगठा मागतो, तेव्हा हा आकडा माहीत असलेले एक माणूस घरात हवे.

बहुतेक माहितीपट नाव घालून शोधले की यूट्यूबवर सापडतात. ज्यांच्याकडे मोठा टी.व्ही. नाही त्यांनी विहाराच्या समितीला विचारावे. वर्षावासात ग्रंथवाचन असतेच, एखाद्या शनिवारी भिंतीला पांढरी चादर लावून पडदा करता येईल. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो.

काकींचे सांगणे नातवाने वहीत उतरवायला घेतले आहे. तीन पाने झाली. पाण्याच्या नळापाशी कोण होते त्यातली दोन नावे काकींना आठवत नाहीत, म्हणून येत्या रविवारी दोघे घाटकोपरला जाणार आहेत, जुन्या शेजारणीला विचारायला. तुमच्याकडे असे कोणी असेल तर त्यांचे बोलणे लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. शुद्धलेखनाची चिंता नको.

जयभीम.