हाताचा मळ

मागं मुंबईत एका कवितावाचनात मी मजुरीवरची कविता वाचली. खाली उतरलो तर एक पोरगा आडवा आला. माझ्याच वयाचा, खादीचा झब्बा, बोलणं मऊ. आत्म्याचं शिक्षण देणाऱ्या शाळेत शिकलेला. मला म्हणतो, "तुम्ही पैशात फार अडकलाय. पैसा म्हणजे हाताचा मळ."

मी त्याचे हात बघितले. मळ नव्हता. मी गोदीत माल उचलतो. मळ काय असतो ते मला कळतं.

हे शहाणपण आजचं नाही. माझं गाव खारेपाटण. गावाच्या नावानं एक ताम्रपट आहे, शके ९३०, म्हणजे सन १००८ चा. शिलाहार राजा रट्टराज आपल्या शैव गुरूला तीन गावं देतो. वर परमुलखातून येणाऱ्या दर जहाजामागं एक गद्याण सोनं. कशासाठी? देवाच्या पूजेसाठी, तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी, शिष्यांसाठी, विद्वानांसाठी. त्याच दानात तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबंसुद्धा देऊन टाकली. माणसं दिली, भांडीकुंडी द्यावी तशी! वैराग्य मठात, वसुली बंदरावर. आणि ज्यानं जहाज रिकामं केलं त्याला कोण विचारणार, बाबा, तुला काय मिळालं?

आता मठ नवे. १९१९ साली जर्मनीत स्टुटगार्टला रुडॉल्फ स्टायनरनं वॉल्डॉर्फ शाळा काढली, ती सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या पोरांसाठी. तसल्या शाळा आज मुंबईत आहेत. मातीकाम, विणकाम, गाणी, परीक्षेची घाई नाही. चांगलंच आहे की! आमच्या पोरांना नको झालंय काय? पण तिथं हमालाची पोरं किती? बापानं शेअर बाजारात कमवायचं, पोरानं निर्मोह शिकायचा. आणि त्याच घरात कामवाल्या बाईनं शंभर रुपये वाढवून मागितले की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या!

त्याला मागावं लागत नाही, म्हणून तो निर्लोभी. आम्हाला मागावं लागतं, म्हणून आम्ही लोभी. पैसा त्यांच्या तिजोरीत ऱ्हातो आणि पैशाची लाज आमच्या अंगावर येते. असल्या शिक्षणानं मध्यमवर्गाला दिलंय ते हे.

बाबासाहेबांनी पैशाकडं पाठ फिरवली नाही. १९२३ साली लंडनला त्यांचा ग्रंथ निघाला तो रुपयाच्या प्रश्नावरच. बुद्धानं गृहस्थ सिगालाला हिशेब सांगितला: कमाईचे चार भाग कर. एक खाण्यापिण्याला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला. आधी कमाई हातात येऊ द्या. त्यागाचं मग बघू.

तेव्हा मित्रा, मळ म्हणतोस ना? मग टाक तो आमच्या ओंजळीत. आमचे हात मळायला भीत नाहीत. आणि ओंजळ म्हटली म्हणून भीक समजू नकोस. ही मजुरी आहे. १००८ सालापासून थकलेली.