युरोपला रिपोर्ट, आपल्या माणसाला मीठ-पाणी



द्राक्षाचा सीझन सुरू झाला की दरवर्षी तेच व्हिडिओ फिरतात. द्राक्षं मीठ-पाण्यात भिजवा, शेतकरी विष फवारतात. घडावरची पांढरी झाक दाखवून म्हणतात, हे बघा औषध. अहो, ती झाक बहुतेक वेळा मण्याचं स्वतःचं मेण असतं. द्राक्षं धुवूनच खावीत, त्यात वाद नाही. पण आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत जातं, ते मीठ-पाण्यानं निघत नाही. त्याची काळजी बागेतच घ्यावी लागते. आणि ती आपल्याला घेता येते, हे मी ठासून सांगतो.

पुरावा हवा? निफाड, दिंडोरी, तासगावची द्राक्षं युरोपात जातात. तिथं ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे 0.01 मिलिग्रामच्या वर चालत नाही. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! 2003 साली मिथोमिलच्या अंशामुळे आपला माल तिकडं नाकारला गेला. मग 2006 मध्ये अपेडानं ग्रेपनेट उभं केलं. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी प्लॉटवरून नमुना, लॅबचा रिपोर्ट. पास झाला तरच माल बोटीला. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट नडलं, आपलं सीसीसी. मग तेही तपासणीत आलं. एवढे दणके खाऊनही हा माणूस आजही एक्स्पोर्ट करतोय. त्याला अडाणी कोण म्हणतं?

आता लोकलचा सौदा बघा. व्यापारी बागेत येतो, मणी चाखतो, साईज बघतो, रंग बघतो, रेट बोलतो. काय फवारलं, शेवटची फवारणी कधी झाली, एक शब्द नाही. रिपोर्ट पुढं केला तर म्हणतो, तो ठेवा तुमच्याकडं, मणी दाखवा. अंशाच्या मर्यादा आपल्या देशातही कायद्यानं ठरलेल्या आहेत. पण त्या कागदावर. क्रेट बाजार समितीत उतरतं तेव्हा त्याला ना प्लॉट नंबर, ना नमुना. चांगल्या-वाईट सगळ्यांचा माल एका ढिगात.

मग होतं काय? पीएचआय पाळायचा, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस थांबायचं. त्या दिवसांत पाऊस झाला तर नुकसान कुणाचं? माझं. ट्रायकोडर्मा, बॅसिलस वापरायचं, मजूर लावून रोगट पानं काढायची, खर्च कुणाचा? माझाच. आणि रेट? शेजारच्या बागेएवढाच. आपल्यातले काही जण काढणीच्या तोंडावर फवारतात. त्यांचं समर्थन मी करणार नाही, ते चूकच आहे. पण प्रामाणिक माणसाला एक रुपया जास्त न देणारा बाजार त्यांनाच शहाणं ठरवतो, त्याचं काय?

शाश्वत शेतीवर भाषणं पुष्कळ झाली. शेतकऱ्याला प्रशिक्षण, शेतकऱ्यात जागृती. जागृती आमची झालीय हो, आता बाजाराची करा.

मागणं साधं आहे. बाजार समितीत आलेल्या मालाचे अचानक नमुने घ्या. लोकलच्या क्रेटवरही प्लॉट नंबर टाका, पद्धत तयारच आहे. मर्यादेबाहेरचा माल सापडला तर तो प्लॉट अडवा, माझा असला तरी. आणि रिपोर्ट असलेल्या मालाचा सौदा वेगळा करा, रेट वेगळा बोला.

शहरातल्या ताई-दादांनो, तुम्हीही गाडीवर फक्त "गोड आहेत का?" विचारू नका. "कुठल्या बागेची, रिपोर्ट आहे का?" हे विचारा. सुरुवातीला विक्रेता हसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो व्यापाऱ्याला विचारेल, आणि व्यापारी मला. त्या दिवशी फवारणीची वही मी आनंदानं त्याच्या पुढ्यात ठेवीन.

परदेशातल्या लेकराचं पोट नाजूक आणि आपल्या लेकराचं दगडाचं, असं तर नाही ना?