पाच अक्षरं आणि शेवटी वाय

रात्रीची जेवणं उरकली की हल्ली बऱ्याच घरांत एक खेळ रंगतो. मोबाइलवर पाच रिकामे चौकोन, हातात सहा संधी आणि ओळखायचा एक इंग्रजी शब्द. अक्षर बरोबर जागी बसलं तर चौकोन हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, शब्दातच नसेल तर करडा. या खेळाचं नाव वर्डल. जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर इंजिनिअरने तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला.

आता समजा, तुमचा शेवटचा चौकोन हिरवा झाला आणि त्यात वाय आहे. बाकीचे चार रिकामे. अशा वेळी अनेक जण इंटरनेटवर 'वायने संपणारे पाच अक्षरी शब्द' असं शोधतात आणि शेकडो शब्दांची यादी मिळते. त्या यादीने आजचं कोडं सुटतं, उद्यासाठी मात्र हाती काही उरत नाही. म्हणून आज आपण यादी पाठ करणार नाही. हे शब्द बनतात कसे, ते पाहू.

हा लेख खास करून ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालं, त्या आई-बाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळेत ए-बी-सी-डी गिरवायची ती पाचवीत. आज त्याच पिढीची मुलं-नातवंडं इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरूच्या इंग्रजी शाळांत शिकतात. मुलाने स्पेलिंग विचारलं की "बाबांना विचार" किंवा "ट्यूशनच्या टीचरना विचार" असं म्हणून आई बाजूला होते. तसं व्हायची काहीच गरज नाही. तुमचं मराठी इथे चांगलंच उपयोगी पडतं.

वस्तूला जोडा वाय

मराठीत आपण ढग या शब्दाचं ढगाळ करतो, धुळीचं धुळकट, खारचं खारट. वस्तूच्या नावाला शेपूट जोडलं की तिचा गुण सांगणारा शब्द तयार होतो. इंग्रजीत हेच काम बऱ्याचदा एकटा वाय करतो.

रेन म्हणजे पाऊस, रेनी म्हणजे पावसाळी. विंड म्हणजे वारा, विंडी म्हणजे वाऱ्याचा. सॉल्ट-सॉल्टी, डस्ट-डस्टी, सँड-सँडी, रस्ट-रस्टी, लक-लकी. मूळ शब्द चार अक्षरी, वाय धरून पाच. मुलाला चार अक्षरी वस्तू आठवायला सांगा, पाच अक्षरी शब्द आपोआप सापडतील.

मूळ शब्द तीन अक्षरी असेल तर? फन, सन, मड, फॉग. इथे शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं: फनीमध्ये दोन एन, सनीमध्ये दोन एन, मडीमध्ये दोन डी, फॉगीमध्ये दोन जी. पुन्हा पाच अक्षरं पुरी!

आणि मूळ शब्दाच्या शेवटी ई असेल तर ती वायला जागा देऊन निघून जाते. नॉइजचं नॉइजी, ज्यूसचं ज्यूसी, स्पाइसचं स्पाइसी, स्मोकचं स्मोकी. आधीही पाच अक्षरं, नंतरही पाचच.

दोनदा का लिहायचं?

मुलं इथे हमखास चुकतात आणि लाल शाईचा गोल पडतो. कारण सांगितलं तर चूक कमी होते. लेडी आणि डॅडी हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. लेडीमध्ये डी एकच आहे, म्हणून आधीचा ए आपलं स्वतःचं नाव सांगतो: ले. डॅडीच्या मधे दोन डी आहेत, म्हणून ए आखडून डॅ होतो. होली म्हणजे पवित्र, त्यात एल एक. जॉली म्हणजे आनंदी, त्यात एल दोन. दोन अक्षरं म्हणजे जणू आधीच्या स्वराला घातलेला बांध.

सगळे शब्द हा नियम पाळत नाहीत. स्टडी, कॉपी, सिटी यांत एकेकच अक्षर आहे आणि तरीही स्वर आखूड आहे. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहून ठेवावेत. अपवाद थोडे असतात, रोज डोळ्यांखालून गेले की लक्षात राहतात.

खेळणाऱ्यांना यातून एक युक्तीही मिळते. शेवटी वाय दिसला की पाचही अक्षरं वेगळी असतील असं धरू नका. हॅपी, कॅरी, वरी, जेली, सिली, बुली... वायच्या आधी जोडी असलेले शब्द पुष्कळ आहेत.

ई म्हणायचं की आय?

स्टोरी, पार्टी, एम्प्टी, हेवी यांत वायचा उच्चार ई होतो. पण रिप्लाय, अप्लाय, इम्प्लाय यांत तोच वाय आय होतो. ओळखायचं कसं? शब्द म्हणताना टेबलावर हाताने ठेका द्या. स्टोरीमध्ये जोर 'स्टो'वर पडतो, वाय हलका राहतो आणि ई म्हटला जातो. रिप्लायमध्ये जोर शेवटी 'प्लाय'वर पडतो, तिथे वाय आय होऊन खणखणीत वाजतो. डिले आणि एन्जॉयमध्ये तिसराच प्रकार: वायच्या आधी स्वर आहे, दोघांचा मिळून एकच आवाज होतो.

हा तिसरा प्रकार परीक्षेत फार कामाचा. वायच्या आधी व्यंजन असेल तर अनेकवचनात वाय जातो आणि आय-ई-एस येतं: स्टोरीचं स्टोरीज, पार्टीचं पार्टीज, डायरीचं डायरीज. आधी स्वर असेल तर वाय जागचा हलत नाही, नुसता एस लागतो: डिलेज, एसेज. क्रियापदांचंही तसंच. कॅरीचं कॅरीड लिहिताना वायचा आय होतो, एन्जॉइडमध्ये वाय तसाच राहतो. फक्त आय-एन-जी लागताना कुठलाही वाय बदलत नाही. कॅरीइंगमध्ये वायचा आय केला असता तर दोन आय शेजारी शेजारी आले असते.

डायरी आणि डेअरी

या दोन शब्दांत अक्षरं तीच पाच, फक्त मधली दोन जागा बदलतात. डायरी: डी-आय-ए-आर-वाय. डेअरी: डी-ए-आय-आर-वाय. लक्षात ठेवायचं असेल तर त्यांची घरं पाहा. डायरी आली लॅटिनमधल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून. रोजची नोंद ती डायरी. डेअरीच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला एक शब्द आहे. त्याचा अर्थ कणीक मळणारी, घरात काम करणारी बाई. दूध-लोण्याचं कामही तिच्याच हाती असायचं, म्हणून ती जिथे काम करायची ती जागा डेअरी. स्पेलिंगसाठी सोपी खूण: डेअरीच्या पोटात ए-आय-आर, म्हणजे एअर, हवा आहे.

आपल्याकडून गेलेले

या पाच अक्षरी घरात आपली माणसंही आहेत बरं का! करी हा शब्द तमिळमधून गेला. टॉडी म्हणजे आपली ताडी. कँडी तर फार लांबून फिरून आली: संस्कृत खंड, फारसी कंद, मग अरबी, मग फ्रेंच आणि शेवटी इंग्रजी. आपण साखरेला खांड म्हणतो, तिचंच हे भावंड. भाताला इंग्रजीत पॅडी म्हणतात, तो शब्द मात्र मलय भाषेतला. नातवंडांना हे सांगून पाहा. परक्या वाटणाऱ्या शब्दाशी त्यांची लगेच ओळख होते.

आज रात्री खेळा

मोबाइल बाजूला ठेवा. कागदावर पाच चौकोन काढा आणि शेवटच्यात वाय लिहा. आजी किंवा आजोबांनी मराठी शब्द द्यायचा, मुलांनी इंग्रजी शोधायचा. खारट म्हटलं की सॉल्टी, गंजलेलं म्हटलं की रस्टी, जड म्हटलं की हेवी. स्पेलिंग बरोबर आलं तर एक गुण, तो शब्द वाक्यात वापरला तर आणखी एक. मराठी शब्दाचा अर्थ मुलाला माहीत नसेल तर तो समजावून सांगणाऱ्यालाही एक गुण! ढगाळ देताना मात्र सांभाळा. क्लाउडीमध्ये सहा अक्षरं आहेत, चौकोन कमी पडेल.

एखादा शब्द तुम्हालाही येत नसेल तर मुलाला दुसऱ्याकडे पाठवू नका. "चल, दोघं मिळून शोधू" म्हणा आणि शब्दकोश उघडा. शब्द तर सापडेलच, शिवाय न येणारी गोष्ट शोधायची कशी, हेही मूल तुमच्याकडे पाहून शिकेल.

जाता जाता पाच शब्द गृहपाठाला. रिकामं, शत्रू, घाई, नशीबवान, गोंगाटाचं. या पाचांचे इंग्रजी शब्द पाच अक्षरांत बसवा, शेवटी वाय हवाच. यातले तीन वर येऊन गेलेत, उरलेले दोन घरात सगळ्यांनी मिळून शोधा. पुढच्या वेळी भेटू पाच अक्षरं आणि शेवटी ई घेऊन.