बैठकीतलं सांबर

ग्वाल्हेरला लष्करातल्या आमच्या वाड्यात आजोबांच्या वेळचं सांबराचं मुंडकं बैठकीच्या दारावर आहे. दर दिवाळीला कामवाल्या बाईंना ओलं फडकं देऊन शिडीवर चढवायचो. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल लावत. कातडं तडकलं की ते विष धुळीबरोबर बाहेर येतं. म्हणून माझं स्पष्ट मत: हे काम बाईंच्या गळ्यात घालू नका. मास्क, हातमोजे घालून स्वतः करा. मऊ, कोरडा ब्रश केसांच्या दिशेनं हलकेच फिरवा. काचेचे डोळे किंचित ओलसर कापसानं पुसा. केसांना पाणी नको, तेल नको, झटकणं तर नकोच. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे मुंडकं विकता येत नाही. मालकीचा दाखला असेल तर वारशानं पुढच्या पिढीकडे जातं. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी आपण पोरांना रंगवून सांगतोच की. सोबत ही सोमलाची गोष्टही सांगून ठेवा.