पेटी नवी, परवानगी मात्र कंपनीची!

पावसाळ्यात सखल भागांत पाणी तुंबले की गॅरेजेसच्या दारात बंद पडलेल्या मोटारींची रांग लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईने आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणने हे दृश्य फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. तेल बदलून, वायरिंग सुकवून मेकॅनिक अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणू शकतो. परंतु पाणी इंजिन कंट्रोल मॉड्यूलच्या, म्हणजे बोलीभाषेतील 'ईसीएम'च्या पेटीत शिरले असेल तर त्याची कारागिरी बहुधा तेथेच संपते.

पेटी बदलणे अवघड नाही. चार स्क्रू आणि दोन-तीन कनेक्टर एवढाच तो मामला. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नव्या पेटीत त्या मॉडेलचे, त्या इंजिनाचे सॉफ्टवेअर भरावे लागते, गाडीचा सतरा अंक-अक्षरी ओळख क्रमांक नोंदवावा लागतो. डिझेल गाडी असेल तर प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला संकेतांकही पेटीला सांगावा लागतो. हे काम चालू असताना बॅटरीचा दाब मध्येच घसरला तर नवी पेटीही निकामी होऊ शकते. सर्वांत कठीण टप्पा इमोबिलायझरचा. किल्लीतील चिपची पेटीशी ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही आणि ही ओळख करून देण्याचे संकेतांक कंपनीच्या ताब्यात असतात. कुर्ल्याच्या बाजारातून जुनी पेटी आणली तर ती आपल्या पूर्वीच्या गाडीचीच किल्ली मागते! मग जुन्या पेटीतील स्मृती वाचून ती दुसरीत उतरवण्याचे उद्योग होतात. ते जमतातही, पण त्यांची हमी कोणीच देत नाही.

मालकाने पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वाहनावर अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. भारतात तो स्पर्धा आयोगापुढे २०११ मध्ये शमशेर कटारिया यांच्या तक्रारीमुळे आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात उपलब्ध करून द्या, स्वतंत्र गॅरेजांच्या वाटेत अडथळे आणू नका, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश होते. प्रकरण अपिलांत गेले. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड बराच खाली आणला. चर्चा मात्र बहुतांशी दंडाच्या आकड्याचीच झाली. ग्राहकाच्या दृष्टीने उपकरणांविषयीचा आदेश त्याहून कितीतरी मोलाचा होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. तथापि, माहितीचे संकलन ही एक गोष्ट आणि संकेतांक मिळवण्याचा हक्क ही सर्वस्वी दुसरी.

कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. इमोबिलायझरची गुपिते सर्वांना खुली झाली तर चोरांचे फावेल आणि इंधनाचे नकाशे बदलून धूर वाढवणारे 'ट्यूनिंग'वालेही सोकावतील. पण या दोन्ही शंकांना उत्तरे आहेत. अमेरिकेत प्रदूषणाशी संबंधित पेट्या 'जे २५३४' या समाईक मानकाच्या उपकरणाने प्रोग्रॅम करता आल्या पाहिजेत, असे बंधन आहे. कंपनीचे अधिकृत सॉफ्टवेअर स्वतंत्र मेकॅनिकला शुल्क भरून मिळते. त्यात फेरफार करण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही. किल्लीच्या संकेतांकांसाठी तेथे पार्श्वभूमी तपासून नोंदवलेले कुलूपतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ असतात, मालकाची संमती घ्यावी लागते आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये प्रचंड बहुमताने दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला, तेव्हा २०१४ मध्ये उत्पादकांनी त्याच धर्तीवर देशभर माहिती देण्याचा करार केला. वायरलेस माहितीसाठी २०२० मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा मात्र उत्पादक न्यायालयात गेले.

आपल्याकडे हा प्रश्न आता केवळ मोटारवाल्यांचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि इंधन-इंजेक्शनबरोबर ही पेटी आली. पाना आणि कानाचा अंदाज यांवर संसार चालवणाऱ्या नाक्यावरच्या मेकॅनिकला उपकरण शिकणे जड नाही. अनेकांनी ते कर्ज काढून घेतलेही आहे. परंतु अनेक नव्या मोटारींत प्रोग्रॅमिंग सुरू करण्यापूर्वी उपकरणाला इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरची संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर मालकाला टोइंगचा खर्च सोसून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी लागते आणि तेथे सांगितलेली रक्कम भरावी लागते.