कच्चं मडकं

मैत्रिणींनो, परवा भट्टी उघडली आणि माझ्या ६ वाट्यांपैकी ४ फुटलेल्या निघाल्या. लेक म्हणाली, "आई, बाजारात शंभराला सहा मिळतात गं!" लागलंच ते मनाला. घरातल्यांच्या क्रिकेटला कुणी भाव विचारत नाही, आपल्या छंदाला मात्र लगेच! पंचेचाळिशीत हे खूळ हवंच कशाला, असं वाटून आठ दिवस मातीला हात लावला नाही.

मग शिकवणाऱ्या ताईंनी खापरं उलटून दाखवली. बूड जाड, आत ओल राहिलेली. भट्टी १०० अंशांच्या पुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही की भांडं फुटतं. म्हणजे घाई नडली होती. आणि मी मात्र 'आपल्या हातात कलाच नाही' म्हणून रडत बसले होते!

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, तेव्हा नामदेवांनाही कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव रुसले, पण मग विसोबा खेचरांकडे शिकायला गेलेच ना?

वाचलेल्या दोन वाट्यांत सध्या मोहरी आणि मेथ्या आहेत. नव्या सहा सावलीत वाळताहेत. यंदा बूड पातळ ठेवलंय.