विश्लेषण : औषधांची नशा प्रत्येक भागात वेगळी का असते? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसाठी त्याचा अर्थ काय?

खोकल्याचे सिरप, झोपेची गोळी, वेदनाशामक गोळी. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळतात आणि तिन्हींचा नशेसाठी वापरही होतो. पण कुठे काय वापरले जाते, हे भागागणिक बदलते. हा फरक का महत्त्वाचा आहे?

कुठे काय चालते?

पंजाबात ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीचा गैरवापर इतका वाढला, की केंद्राने एप्रिल 2018 मध्ये ती एनडीपीएस कायद्याखाली आणली. ईशान्येत स्पास्मो-प्रॉक्सीव्हॉनच्या कॅप्सूलमधील पावडर पाण्यात मिसळून टोचली जात असे. बंगालच्या सीमेवरून कोडीनयुक्त सिरपची बांगलादेशात तस्करी होते. महाराष्ट्रातही एकच चित्र नाही. मालेगावात अल्प्राझोलमला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळीला ‘बटन’ म्हणतात, तर मुंबई-ठाणे पट्ट्यात कोडीन सिरपच्या बाटल्या वारंवार पकडल्या जातात.

आकडे काय सांगतात?

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 वयोगटातील 1.08 टक्के, म्हणजे सुमारे 1.18 कोटी लोक झोपेची किंवा गुंगीची औषधे वैद्यकीय कारणाशिवाय घेत होते. टक्केवारीत सिक्कीम, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम पुढे होते. माणसे मोजली तर उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचे नाव येते. त्यामुळे ‘आपल्याकडे प्रमाण कमी आहे’ या वाक्यात समाधान मानण्यासारखे काही नाही. उपचार टक्केवारीवर होत नाहीत, माणसांवर होतात.

मग या तीन शहरांचे काय?

या सर्वेक्षणाचे अंदाज देश आणि राज्य पातळीवरचे आहेत. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा त्यात वेगळ्या दिसत नाहीत. उरते ती पोलिसांची जप्ती. पण जप्ती वाढली म्हणजे नशा वाढली असे नाही. कारवाई वाढली, एवढेच नक्की. शिवाय एकाच रेल्वेमार्गावरच्या या शहरांत एका ठिकाणी कडक तपासणी झाली, तर गिऱ्हाईक पुढच्या स्टेशनवर उतरू शकते.

माहिती मिळू शकते का?

मिळू शकते. कोडीन, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल ही ‘शेड्यूल एच-1’मधील औषधे आहेत. मार्च 2014 पासून केमिस्टला डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. तपासणी अन्न व औषध प्रशासनाची, गुन्हे पोलिसांचे आणि रुग्ण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यांत. रुग्णांची नावे वगळून या नोंदी एकत्र पाहिल्या, तर कोणत्या शहरात कोणते औषध गरजेपेक्षा जास्त खपते, हे कळू शकते.

हे कळून फायदा काय?

उपचार औषधानुसार बदलतात. कोडीन, ट्रामाडॉल ही अफूसारखा परिणाम करणारी औषधे. त्यांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देता येते. अल्प्राझोलम मात्र हळूहळू कमी करावे लागते. अचानक बंद केले तर झटके येऊ शकतात. दोन्ही प्रकार एकत्र घेतले तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून घरात रिकामी पाकिटे किंवा बाटल्या सापडल्या, तर त्या फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलाला कोंडून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

पोलिसांची भीती वाटत असेल तर?

एनडीपीएस कायद्याचे कलम 64-अ स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या खटल्यातून संरक्षण देते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे.